डॉक्टर जेरुशा झिराड : एका सेवाव्रती बेने-इस्राएल स्त्रीचें चरित्र



थोर सेनापति, राजे आणि लोकनायक यांचीं चरित्रें आपल्या क्रमिक पुस्तकांतून वारंवार येतात. परंतु ज्यांनीं रणांगण पाहिलें नाहीं, मोठमोठ्या सभा गाजविल्या नाहींत, आणि तरीही ज्यांच्यामुळें हजारों घरांतील दिवा विझतां विझतां वांचला, अशा व्यक्तींचीं चरित्रें आपल्या दृष्टीस फारशीं पडत नाहींत. डॉक्टर जेरुशा झिराड ह्या अशांपैकीं एक होत. त्या धर्मानें यहुदी होत्या आणि मराठी बोलणाऱ्या समाजांत जन्मल्या होत्या. आपल्या लहानशा समाजांतील स्त्रियांना त्यांनीं एकत्र आणिलें, ईश्वराच्या उपासनेंत स्त्रियांना योग्य स्थान मिळावें म्हणून त्या झटल्या, आणि मुंबईंतील गोरगरीब मातांच्या जिवासाठीं त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. ह्या तिन्ही कार्यांचा परस्परांशीं काय संबंध होता, हें ह्या चरित्रावरून आपल्या ध्यानीं येईल.

प्रथम त्यांच्या समाजाची थोडी ओळख करून घेऊं. बेने-इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें. फार प्राचीन काळीं यहुदी लोकांचें एक गलबत अलिबागजवळील नवगांवच्या किनाऱ्यानजीक फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं, अशी ह्या समाजाची परंपरागत कथा आहे. ज्या समुद्रानें त्यांचे ग्रंथ गिळले, त्याच्याच कांठीं त्यांनीं वस्ती केली, तेलाचे घाणे घातले, मराठी भाषा आपलीशी केली आणि गांवांच्या नांवांवरून आडनांवें घेतलीं. केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें ऐकून परका मनुष्य त्यांना कोंकणांतील इतर लोकांहून निराळे समजणार नाहीं. झिराड हेंही अलिबाग तालुक्यांतील एका गांवाचेंच नांव आहे. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत असत.

ग्रंथ नाहींत, गुरु नाहींत, मंदिर नाहीं, अशा स्थितींत ह्या लोकांनीं आपला धर्म शतकानुशतकें कसा जपला, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर त्यांच्याच एका आवडत्या आख्यायिकेंत आहे. दावीद रहाबी नांवाचा एक विद्वान यहुदी ह्या किनाऱ्यावर आला. हे लोक खरोखर आपल्या वंशाचे आहेत कीं काय, ह्याची परीक्षा पाहावी म्हणून त्यानें घरांतील स्त्रियांपुढें निरनिराळ्या जातींचे मासे ठेविले आणि ते शिजविण्यास सांगितलें. ज्यांना पर व खवले नव्हते ते मासे त्या स्त्रियांनीं बाजूला काढले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें असे मासे खाणें निषिद्ध आहे. त्या स्त्रियांना तें शास्त्र वाचतां येत नव्हतें. परंतु आईपासून मुलीस आणि मुलीपासून नातीस तें चुलीपाशींच मिळालें होतें. रहाबीची खात्री पटली आणि त्यानें ह्या लोकांना धर्माचें शिक्षण देण्यास आरंभ केला. आख्यायिका म्हणून ही गोष्ट आपण ऐकावी. परंतु तिच्यांत एक सत्य आहे. ह्या समाजाचा धर्म पुष्कळ अंशीं स्त्रियांनीं राखिला.

पुढें मुंबई शहर वाढूं लागलें तसे हे लोक कोंकणांतून तेथें गेले. सैन्यांत, कचेऱ्यांत व पुढें रेल्वेंत त्यांना नोकऱ्या मिळाल्या. १७९६ सालीं सामुएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत ह्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांतून त्यांचीं मुलें शिकूं लागलीं. डॉक्टर जॉन विल्सन यांनीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत लिहून १८३२ सालीं छापलें, त्याचाही ह्या लोकांना उपयोग झाला. ह्या शाळांतून त्यांनीं विद्या घेतली, आपला धर्म मात्र सोडला नाहीं. उलट, इब्री शास्त्राचीं पानें त्यांना पुन्हा वाचतां येऊं लागलीं आणि त्यांचा स्वधर्माभिमान वाढला. १८७५ सालीं हाईम सामुएल केहीमकर यांनीं मुंबईंत समाजाची स्वतंत्र शाळा काढली. हीच पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली.

अशा ह्या जागृत होऊं लागलेल्या समाजांत १८९० च्या सुमारास जेरुशाबाईंचा जन्म झाला. जन्मस्थान म्हैसूर संस्थानांतील शिमोगा. त्यांचें नांव जुन्या करारांतील आहे. यहूदाचा राजा योथाम याच्या आईचें नांव यरूशा असें होतें. शिक्षणासाठीं त्या पुण्यास आल्या. १८८४ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर आदि सुधारकांच्या प्रयत्नानें तेथें मुलींची जी शाळा निघाली, जिला सर्व महाराष्ट्र हुजूरपागा ह्या नांवानें ओळखतो, तिच्यांत त्यांचें शिक्षण झालें. त्यांच्याच समाजांतील रिबेका रूबेन ह्याही तेथल्याच विद्यार्थिनी. १९०५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत रिबेकाबाई सर्वांत पहिल्या आल्या. पुढें त्या कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनीं तें काम केलें. मुलींना शिकवून काय होणार, असें विचारणाऱ्या त्या काळच्या लोकांना ह्या दोन मुलींनीं दिलेलें उत्तर फार बोलकें आहे.

वैद्यकाकडे जेरुशाबाईंचें मन वळण्यास एक घरगुती कारण घडलें. त्या लहान असतां घरांतील एक जवळची स्त्री अतिशय आजारी पडली. तिला मुंबईच्या कामा रुग्णालयांत नेण्यांत आलें आणि तेथील डॉक्टर ॲनेट बेन्सन यांच्या उपचारांनीं ती बरी झाली. हें रुग्णालय पारशी गृहस्थ पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून १८८६ सालीं सुरू झालें होतें. त्याचा विशेष हा कीं, तेथें रोगीही स्त्रियाच आणि डॉक्टरही स्त्रियाच. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यापेक्षां मरण बरें, असें मानणाऱ्या हजारों स्त्रियांना त्यामुळें प्रथमच औषधोपचार मिळूं लागला. आपणही डॉक्टर व्हावें आणि ह्याच रुग्णालयांत काम करावें, असा निश्चय त्या लहान मुलीनें केला. बालपणींचे निश्चय बहुधा वाऱ्यावर उडून जातात. हा निश्चय टिकला.

१९१२ च्या सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यानंतर लौकरच, १९१३ सालीं, त्यांनीं आपल्या समाजांतील स्त्रियांचें एक मंडळ स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. हेंच बेने-इस्राएल स्त्री मंडळ. ही गोष्ट दिसते तितकी साधी नाहीं. यहुदी प्रार्थनामंदिरांत जुन्या प्रथेप्रमाणें स्त्रिया वरच्या सज्जांत अथवा पडद्यामागें बसत. सार्वजनिक प्रार्थनेस दहा पुरुष जमले म्हणजे ती सुरू होई. शंभर स्त्रिया जमल्या तरी त्यांची गणना होत नसे. शनिवारचा दिवा लावावयाचा स्त्रीनें, वल्हांडण सणाच्या आधीं घराचा कानाकोपरा झाडून खमिराचा कण राहूं द्यावयाचा नाहीं तो स्त्रीनें, आहाराचे नियम पाळावयाचे तेही स्त्रीनें. परंतु समाजाचा विचार जेथें होई तेथें तिला जागा नव्हती. समाजाच्या पुरुषांची बेने-इस्राएल परिषद आणि अखिल भारतीय इस्राएल लीग ह्या दोन्ही संस्था १९१७ सालीं निघाल्या. म्हणजे स्त्रियांचें मंडळ त्यांच्याहून चार वर्षें वडील! स्त्रियांनीं एकत्र यावें, चार गोष्टी ऐकाव्या व बोलाव्या, एकमेकींच्या अडचणींत धांवून जावें, ही ओढ मंडळाच्या मुळाशीं होती. आज आपल्याला ह्यांत नवल वाटणार नाहीं. परंतु जिनें जन्मभर चार भिंतींच्या आंत काम केलें तिनें दहा बायकांपुढें उभें राहून आपलें मत सांगणें, हें त्या काळीं मोठें धैर्याचें काम होतें.

१९१४ च्या सुमारास जेरुशाबाई पुढील शिक्षणासाठीं लंडनास गेल्या. परदेशीं शिकण्यासाठीं हिंदुस्थान सरकारची जी शिष्यवृत्ति असे, ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस. घरापासून हजारों मैल दूर, परक्या हवेंत व युद्धाच्या छायेंत त्यांनीं अभ्यास केला, आणि १९१९ सालीं लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ह्या विषयांतील एम. डी. ही श्रेष्ठ पदवी मिळविली.

लंडनांत त्यांना आणखीही एक शिकवण मिळाली. क्लॉड माँटेफिओरे आणि लिली माँटेग्यू ह्या दोघांच्या प्रयत्नांनीं तेथें यहुदी धर्मांत एक उदार मतांची चळवळ सुरू झाली होती. लिली माँटेग्यू ह्या श्रीमंत घराण्यांतील कन्या. परंतु कारखान्यांत राबणाऱ्या मुलींसाठीं त्यांनीं मंडळें काढलीं होतीं. गरिबांची सेवा आणि ईश्वराची उपासना ह्या एकाच वस्तूच्या दोन बाजू होत, अशी त्यांची श्रद्धा होती. १९०२ सालीं त्यांनीं ज्यूइश रिलिजस युनियन ही संस्था स्थापण्यांत पुढाकार घेतला आणि १९१८ सालीं प्रार्थनामंदिरांत उभ्या राहून उपदेशही केला. स्त्रीनें व्यासपीठावरून धर्मोपदेश करावा, ही त्या काळीं अपूर्व घटना होती. प्रार्थना समजेल अशा भाषेंत असावी, स्त्री-पुरुषांनीं ती एकत्र करावी, आणि धर्माची परीक्षा आचरणावरून व्हावी, हे ह्या चळवळीचे विचार जेरुशाबाईंच्या मनांत पक्के रुजले.

स्वदेशीं परत आल्यावर त्यांनीं कांहीं काळ दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजांत आणि नंतर बंगलोरच्या प्रसूतिगृहांत काम केलें, आणि मग त्या मुंबईस आल्या. १९२५ सालीं समविचारी मंडळींच्या साह्यानें त्यांनीं मुंबईंत लंडनच्या धर्तीवर ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. हिचेंच प्रार्थनामंदिर पुढें रोदेफ शालोम ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ह्या इब्री शब्दांचा अर्थ शांतीच्या मागें लागणारा असा आहे. समाजांतील सर्व लोक ह्या नव्या मार्गाला लागले असें मात्र झालें नाहीं. वाडवडिलांची रीत मोडली जाते म्हणून अनेकांना तो रुचला नाहीं आणि हें मंडळ नेहमीं लहानच राहिलें. जुन्या रीतीच्या लोकांची भीति अगदींच निराधार होती असेंही म्हणतां येणार नाहीं. ज्या समाजानें केवळ रीत पाळूनच आपलें अस्तित्व टिकविलें, त्यास ती बदलतांना धाकधूक वाटणारच. जेरुशाबाईंचें म्हणणें निराळें होतें. सुशिक्षित तरुणतरुणींना न समजणारी प्रार्थना फार दिवस बांधून ठेवूं शकणार नाहीं, आणि स्त्रीला दूर बसविणारा धर्म तिच्या मुलांच्याही मनांतून उतरेल, असें त्यांना वाटे. मतभेद झाला तरी त्यांनीं समाज सोडला नाहीं आणि समाजानेंही त्यांच्याविषयींचा आदर सोडला नाहीं. मतभेद कसा करावा, ह्याचा हा एक चांगला धडा आहे.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. १९२८ च्या सुमारास कामा रुग्णालयाची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. १९४७ पर्यंत, म्हणजे सुमारें एकोणीस वर्षें, त्यांनीं तें रुग्णालय चालविलें. लहानपणीं जेथें काम करण्याचें स्वप्न पाहिलें, त्याच ठिकाणच्या त्या प्रमुख झाल्या. तेथें येणाऱ्या स्त्रिया सर्व जातींच्या व सर्व धर्मांच्या होत्या. त्यांत गिरणींत काम करणाऱ्या होत्या आणि चाळींत राहणाऱ्याही होत्या. आपल्या समाजाची सेवा करणारा मनुष्य पुष्कळदां आपल्या समाजापुरताच पाहतो. जेरुशाबाईंच्या दारांत हा भेद नव्हता.

त्या काळीं बाळंतपण हें स्त्रीचें मरणाशींच गांठ पडण्यासारखें होतें, असें आपण म्हणतों. परंतु त्याचें माप किती होतें, हें आंकड्यांवरून कळतें. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालांत असा अंदाज दिला आहे कीं, आपल्या देशांत दर हजार जन्मांमागें सुमारें वीस माता मरण पावत आणि दरवर्षीं सुमारें दोन लाख स्त्रियांचा असा अंत होई. ह्यांतील पुष्कळ मृत्यु टाळण्याजोगे होते. न धुतलेल्या हातांनीं व अस्वच्छ हत्यारांनीं केलेल्या सुइणीच्या कामामुळें ज्वर होई. अपुऱ्या अन्नामुळें अंगांत रक्त नसे, आणि थोडा रक्तस्राव होतांच प्राण जाई. रक्तदाब वाढून झटके येत. त्याची पूर्वसूचना आधीं तपासणी केल्यास मिळते, पण गरोदर स्त्रीस तपासून घ्यावयाचें असतें हेंच कोणास ठाऊक नसे. घरचे लोक आशा सुटल्यावर तिला रुग्णालयांत आणीत आणि मग दैवाला दोष देत.

दैवाला दोष न देतां कारणें शोधावीं, असें जेरुशाबाईंनीं ठरविलें. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या साह्यानें १९३७-३८ मध्यें त्यांनीं मुंबई शहरांतील मातृमृत्यूंची पद्धतशीर चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. अशा चौकशीचें मर्म नीट समजून घ्या. नोंदवहींत एक मृत्यु म्हणजे केवळ एक ओळ असते. चौकशी करणारा त्या ओळीच्या मागें जातो. ती स्त्री कोठें राहत होती, तिचें बाळंतपण कोणी केलें, आधीं तिला कोणी तपासलें होतें काय, मदत किती उशिरा मिळाली, हें विचारतो. असें विचारूं लागलें म्हणजे जें दैव वाटत होतें, तें पुष्कळदां अज्ञान, दारिद्र्य आणि उशीर ह्यांचें फळ ठरतें. आणि अज्ञान, दारिद्र्य व उशीर ह्यांवर मनुष्याला उपाय करतां येतो. मुक्या मेलेल्या मातांच्या वतीनें दिलेली ही साक्षच होती.

त्यांच्या कार्याची दखल सर्वत्र घेतली गेली. १९४५ सालीं ब्रिटिश सरकारनें त्यांना एम. बी. ई. ही पदवी दिली. १९०७ सालीं निघालेल्या हिंदी स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेचें अध्यक्षपद १९४७ पासून पुढें दहा वर्षें त्यांच्याकडे होतें. प्रसूतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघाचें अध्यक्षपदही त्यांनीं भूषविलें. स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९६६ सालीं त्यांना पद्मश्री देऊन गौरविलें.

दरम्यान त्यांचा समाज मात्र पांगत चालला. १९४८ सालीं इस्राएलचें राष्ट्र स्थापन झाल्यावर सुमारें वीस हजारांच्या ह्या समाजांतील बहुतेक कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. तेथेंही त्यांची परीक्षा चुकली नाहीं. हे लोक विवाहाच्या कामीं पूर्ण यहुदी मानावे कीं नाहीं, अशी शंका तेथील कांहीं धर्मगुरूंनीं काढली. त्याविरुद्ध ह्या लोकांनीं शांततेनें चळवळ केली आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें त्यांच्या बाजूनें ठराव केला. रहाबीच्या काळीं जी परीक्षा स्त्रियांनीं माशांवरून दिली, ती विसाव्या शतकांत त्यांच्या लेंकरांना पुन्हा द्यावी लागली. आज भारतांत सर्व यहुदी मिळून चार-पांच हजारच उरले असतील. परंतु इस्राएलांत गेलेल्या मंडळींनीं तेथेंही मराठी जपली आणि मायबोली नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. जेरुशाबाई मात्र भारतांतच राहिल्या आणि नव्वदी ओलांडल्यावर, १९८० नंतरच्या दशकांत, त्यांनीं देह ठेविला.

मुलांनो, ह्या चरित्रांत तीन निराळीं कामें दिसतात, परंतु त्यांचें सूत्र एक आहे. स्त्री मंडळांत त्यांनीं स्त्रीला बोलण्यास जागा दिली, प्रार्थनेंत तिला समजून घेण्यास व सहभागी होण्यास जागा दिली, आणि रुग्णालयांत तिला जगण्यास जागा दिली. जिचें म्हणणें घरांत कोणी ऐकत नाहीं, तिच्या दुखण्याकडेही कोणी वेळेवर लक्ष देत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणूनच त्यांची धर्मसुधारणा आणि त्यांचें वैद्यक हीं एकमेकांपासून तोडतां येत नाहींत.

मार्ग पुष्कळ कापला गेला आहे. २०१८-२० च्या सरकारी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत दर लाख जन्मांमागें ९७ मातांचे मृत्यु झाले. भोर समितीचा आंकडा त्याच मापानें मांडल्यास दोन हजार होतो. एवढें अंतर डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि समंजस कुटुंबें ह्या सर्वांनीं मिळून तोडलें. परंतु सत्त्याण्णव म्हणजे शून्य नव्हे. आपल्या नागपुरांत डागा स्मृति स्त्री रुग्णालय आहे, मिशनचें म्यूर मेमोरियल आहे. त्यांच्या दारावरून आपण रोज जातों. पालकांस विनंति एवढीच कीं, घरांतील सून वा लेक गरोदर असेल तेव्हां तिची तपासणी, तिचें जेवण आणि तिची विश्रांति ह्यांची काळजी पहिल्या महिन्यापासून घ्यावी, आणि ती काय म्हणते तें ऐकावें. मुलींनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, एक लहान मुलगी रुग्णालयाच्या दारांत उभी राहून निश्चय करते आणि पंचवीस-तीस वर्षांनीं तेंच रुग्णालय चालविते, ही कल्पित गोष्ट नाहीं. आणि मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, ज्या समाजाचा धर्म त्याच्या मातांनीं राखिला, त्या समाजानें त्या मातांचें ऋण फेडण्यास फार वर्षें लावलीं. तें ऋण आपल्याही घरांत आहे, आणि तें फेडण्यास आजचा दिवस योग्य आहे.